पंच तुझा, तोंड दुसऱ्याचं

"ताई, मी 28 वर्षांची. ऐरोलीत राहते, तिथल्याच एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे. काही वर्षांपासून मराठीत स्टँड-अप करते. ठाणे, दादर, अंधेरी, जिथे माइक मिळेल तिथे जाते. गेल्या आठवड्यात एकदम दोन फोन आले. एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमाच्या लेखकांच्या टीममध्ये बोलावलंय, स्किट लिहायला. स्टेजवर मी नसणार. दुसरा फोन एका रोजच्या मालिकेचा. नायिकेच्या मैत्रिणीचं काम आहे, शूटिंग घोडबंदर रोडला. मला अभिनयही करायचाय आणि लिहायचंही आहे. पण लेखक म्हणून आत गेले तर कायमची लेखकच होऊन बसेन अशी भीती वाटते. मालिकेच्या ऑडिशनला 'खूप लाऊड आहे, कमी कर' म्हणाले. कमी म्हणजे नेमकं काय ते कळलं नाही, तरी त्यांनी होकार दिलाय. स्किटवाल्यांनी 'तुझे चालणारे पाच-सहा बिट पाठवून दे' असं सांगितलंय, म्हणजे मी स्टेजवर करते ते विनोदाचे तुकडे. पाठवू का? आणि नोकरी? बाबा ठाणे–बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत होते. ती बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. ते म्हणतात, काहीही कर, पण नोकरी सोडू नकोस.
— माइकवाली, ऐरोली"

प्रिय माइकवाली,

लिखाणाचं काम घे. मालिकेला या वेळी नाही म्हण. बिट इतक्यात पाठवू नकोस. नोकरीचं पुढे सांगते, कारण त्याचं उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही.

पत्राबरोबर तू स्टँड-अपचा व्हिडिओ पाठवलास ते बरं झालं. टोलनाक्याचा बिट मी पुन्हा पुन्हा पाहिला. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी झाली. पण माइकवालीचे बाबा मुलुंडला मावशीकडे जाताना अजूनही ऐरोलीच्या नाक्यावर गाडी हळू करतात, खिशातून सुटे काढतात, मोजतात, परत खिशात ठेवतात आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणतात, "आज पंचेचाळीस वाचले." लोक खळखळून हसतात, आणि ते हसणं योग्यच आहे. तुझी नजर चांगली आहे. सुटे परत खिशात ठेवण्याची ती कृती तू दाखवतेस, तिथे मला तुझ्यातली नटीही दिसली आणि लेखिकाही.

आता हाच बिट स्किट म्हणून लिहायला बस. पहिल्याच ओळीला अडशील, कारण "माझे बाबा काय करतात माहितीये?" असं सांगणारी तू तिथे नसतेस. प्रेक्षकांना समजावून सांगायला कोणीच नसतं. गाडीत बाबा, आई आणि मागच्या सीटवर मुलगी आहे, आणि जे काही व्हायचं ते या तिघांमध्येच व्हायला हवं. स्टँड-अपमध्ये बाबा एक गमतीदार माणूस असले की पुरतं. स्किटमध्ये बाबांना काहीतरी हवं असायला लागतं आणि समोरच्याला नेमकं त्याच्या आड यायला लागतं. समजा मुलीची ट्रेन चुकतेय, मागून हॉर्न वाजताहेत, आणि बाबा बंद खिडकीसमोर थांबलेत. "पंचेचाळीस वाचले" हा तुझा शेवटचा पंच, म्हणजे हशा आणणारं वाक्य, होता. इथे तो पहिल्या मिनिटातच खर्ची पडतो. मग पुढे काय? मी तुझ्या जागी असते तर आईकडे वळले असते. आई इतका वेळ गप्प आहे. ती वळून विचारते, "वाचले ना? मग द्या." बाबा म्हणतात, "काय द्या?" आई म्हणते, "टोल बंद झाल्यापासून जेवढे वाचले तेवढे. आज हिशोब होऊन जाऊ दे." आता बाबा अडकले. आता स्किट सुरू झालं. आई पर्समधून छोटी वही काढते, तिच्यात मुलुंडच्या प्रत्येक फेरीची तारीख आहे. बाबा म्हणतात, त्यातल्या दोन वेळा आपण कळव्यावरून गेलो होतो, त्या धरायच्या नाहीत. मुलगी मागून ओरडते, माझी ट्रेन गेली. आणि दोघं एकदम तिच्यावर वैतागतात, "थांब जरा, मोठी माणसं बोलताहेत."

यात एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल. सगळ्यात मोठा हशा आता आईला आहे. बिट तुझा, घर तुझं, निरीक्षण तुझं, पण टाळी घेणार आईचं काम करणारी नटी. तुझ्या वयाची मुलगी मागच्या सीटवर बसून दोन वाक्यं बोलते. टीव्हीसाठी लिहायला गेलेल्या स्टँड-अपवाल्यांपैकी बरेच जण इथे नाराज होतात. आपलं उत्तम वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालायला हात धजत नाही, मग मुलीच्या तोंडीच सगळे पंच घालत बसतात, आणि स्किट पुन्हा स्टँड-अप होऊन जातं, फक्त शेजारी दोन माणसं उगाच उभी केलेली. हे शिकायला लेखकांच्या टीमसारखी दुसरी जागा मला माहीत नाही. तिथे रीडिंगला, म्हणजे स्क्रिप्ट मोठ्याने वाचून बघताना, तुझं वाक्य एखादा मुरलेला कलाकार वाचतो आणि तुला वाटलं होतं तिथे कोणी हसत नाही. मग तो वाक्यातले दोन शब्द काढतो, "अहो" पुढे आणतो, आणि खोली हसते. ऐकत राहिलीस तर त्यातून तुला जे मिळेल ते कुठल्याही कार्यशाळेत मिळणार नाही.

आणि लिहून किती होतं बघ. ओपन माइकला पाच मिनिटं घासूनपुसून नीट करायला महिनोनमहिने मिळतात, तेच पाच बिट तू गावोगाव करू शकतेस. टीव्हीवर एकदा दाखवलेलं स्किट संपलं, पुढच्या शेड्यूलला नवं लागतं. सुरुवातीला दम लागेल, पण हात तयार होतो तो याच रेट्याने.

लेखकच होऊन बसेन, ही भीती खोटी नाही. असं होतं, आणि लेखक होऊन राहण्यात काहीच कमीपणा नाही हेही मला मनापासून सांगायचंय. पण दार तिथेच बंद होतं असं आजूबाजूला बघून तरी वाटत नाही. समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त लिहितातही आणि उभेही राहतात. डॉ. निलेश साबळे यांनी 'चला हवा येऊ द्या' लिहिलं, दिग्दर्शित केलं आणि सूत्रसंचालनही केलं. त्याआधीच्या पिढीत दिलीप प्रभावळकरांनी वर्तमानपत्रात सदर लिहिलं, त्यावरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका झाली आणि तिच्यातले आबाही तेच झाले. थेट स्टँड-अपमधून आलेल्यांत सुमुखी सुरेशने 2017 मध्ये 'पुष्पवल्ली' ही वेब मालिका स्वतः निर्माण केली आणि मुख्य भूमिकाही केली. त्याच वर्षी बिस्व कल्याण रथने 'लाखों में एक' लिहिली, तिची कथा कोचिंग क्लासमधल्या एका मुलाची होती आणि ते काम दुसऱ्याच नटाने केलं. दोन्ही वाटा आहेत.

मला यात सगळ्यात जवळचा वाटतो तो लॅरी डेव्हिड. न्यूयॉर्कचा स्टँड-अप कॉमेडियन. 1984-85 चा एक सीझन त्याने 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्हीवरच्या स्किटच्या कार्यक्रमासाठी लेखक म्हणून काम केलं आणि त्या सबंध सीझनमध्ये त्याचं एकच स्किट प्रसारित झालं. 1989 मध्ये जेरी साइनफेल्ड या दुसऱ्या स्टँड-अपवाल्याबरोबर त्याने 'साइनफेल्ड' ही विनोदी मालिका सुरू केली. तिच्यातला जॉर्ज म्हणजे जवळजवळ तोच, त्याच्याच आयुष्यातल्या फजित्या, त्याचाच चिडका स्वभाव. पण जॉर्जचं काम जेसन अलेक्झांडरने केलं. स्वतःच्या नावाने, स्वतःच्याच भूमिकेत लॅरी डेव्हिड मुख्य नट म्हणून मालिकेत आला तो 2000 मध्ये, 'कर्ब युअर एन्थुझिअॅझम'मधून. मध्ये अकरा वर्षं गेली, त्यातली नऊ त्याचा स्वभाव दुसरा माणूस जगला. तुझी अकरा जातील असं मी म्हणत नाही. पण तो जॉर्ज लिहिता लिहिता त्याला आपण पडद्यावर कसे दिसतो ते पुरतं कळलं असणार, असं मला वाटतं.

आता मालिका. नायिकेची मैत्रीण हे काम मी कमी लेखत नाही. त्यावर अनेकांची घरं चालतात. पण तुझ्यासाठी आत्ता ते का नको, ते ऐक. रोजच्या मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामं बहुधा तीन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. त्यांच्यावर प्रॉडक्शनचे क्रिएटिव्ह आणि वाहिनीचे ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. मैत्रिणीच्या तोंडचं वाक्य तुला सकाळी सेटवर मिळेल आणि त्यात एक शब्द बदलायला कोणाला वेळ नसेल. गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीआरपीचे, आकडे येतात, त्यावर ट्रॅक फिरतो. नायिकेचं लग्न झालं, कथा सासरी गेली, की मैत्रीण महिन्यातून दोनदा फोनवर दिसते. पण तुझ्या तारखा मात्र सगळ्या बांधलेल्या असतात. बारा-बारा तासांची शिफ्ट, त्यात ऐरोलीहून कापूरबावडी आणि पुढे मेट्रोच्या कामातून गायमुखकडे जाणं-येणं. संध्याकाळी कॅफेत जाऊन माइक धरायला अंगात त्राण उरणार नाही. नोकरी तर पहिल्याच आठवड्यात सुटेल. पाच वर्षांनी, कॅमेऱ्यासमोर हात बसल्यावर हेच काम आलं तर मी कदाचित घे म्हणेन.

त्या "लाऊड"चं आता बघू. तुला नीट समजावलं नाही याचं मला वाईट वाटलं, कारण ते समजण्यासारखं आहे. कॅफेत तू शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवतेस. आवाज थोडा वर, भुवया वर, आणि पंचनंतर तू थांबतेस, लोकांकडे बघतेस, हशा उतरू देतेस. ते सगळं तिथे बरोबर आहे. सेटवर कोणी हसत नाही, हसायला परवानगीच नसते, साउंडवाला कानात हेडफोन लावून बसलेला असतो. मग तू सवयीने पंचनंतर थांबतेस, तिथे हशा येत नाही, म्हणून तू नकळत चेहऱ्याने सांगतेस की हा विनोद होता. क्लोजअपमध्ये ते फार मोठं दिसतं. कमी कर म्हणजे आवाज कमी कर असं नव्हे. वाक्य बोलल्यावर प्रेक्षकाकडे जाऊ नकोस, समोरच्या माणसाकडेच राहा आणि त्याचं उत्तर खरोखर ऐक, एवढंच. तुझ्या व्हिडिओत तू आईची नक्कल करतेस, ती फक्त बोलतानाची आहे. बाबा सुटे मोजत असताना आईचा चेहरा कसा असतो ते तू कधीच दाखवलेलं नाहीस.

घरी करून बघ. मैत्रिणीला बाबांची वाक्यं वाचायला सांग, मोबाइल छातीच्या उंचीवर समोर ठेव आणि तू आई हो. ओळी नाहीत, फक्त ऐकायचं. मग तो व्हिडिओ आवाज बंद करून पाहा. कुठे तू ऐकत होतीस आणि कुठे ऐकण्याचा अभिनय करत होतीस ते तुलाच दिसेल. खूप शरम वाटेल, पण बघ.

त्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं नाटक कर. हा माझा हट्ट समज. ठाण्यात राहणाऱ्या माणसाने गडकरी रंगायतन आणि घाणेकर, नव्या मुंबईतल्याने वाशीचं विष्णुदास भावे ही नाट्यगृहं फक्त तिकीट काढून बघण्यासाठी ठेवू नयेत. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्यस्पर्धा दर वर्षी होते. त्यात दिवसभर बँकेत, शाळेत, कंपनीत काम करणारी माणसंच संध्याकाळी तालमी करून नाटक उभं करतात. ठाण्यात अभिनय कट्टा आहे. एखाद्या संस्थेत जा, मिळेल ते काम घे, मोलकरणीचं असलं तरी. लेखकाने लिहिलेलं वाक्य न बदलता, रोज त्याच जागी उभं राहून, समोरच्या नटाला त्याची टाळी घेऊ देत बोलायचं. स्टँड-अपवाल्यांना हे भयंकर जड जातं. तुझ्या अभिनयाचं शिक्षण इथे होईल आणि त्यासाठी नोकरीला हात लावावा लागणार नाही. शिवाय स्किटच्या टीमला तू नाटकात काम करतेस हे कळू दे. तालमीला एखादा कलाकार दुसऱ्या शूटवर अडकतो, त्याच्या ओळी कोणाला तरी वाचाव्या लागतात. अशा वेळी ज्याला उभं राहता येतं त्यालाच हाक मारतात.

बिटांबद्दल कडक सांगते. चालणारे पाच-सहा बिट पाठवून दे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही. त्यांना तुझी पट्टी बघायची असेल. त्यासाठी व्हिडिओची लिंक पुरते. लिहिलेलं मागितलं तर नवं स्किट लिहून दे आणि ते आधी नोंदव. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, तिचं सभासदत्व घेतलं की स्क्रिप्टची नोंदणी ऑनलाइन होते. अमुक तारखेला हे लिखाण तुझ्याकडे होतं याचा तो पुरावा. हे लक्षात ठेव की कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती कशी मांडली त्याला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच ते स्पष्ट केलंय. "टोल बंद झालाय तरी बाबा थांबतात" एवढं तू मीटिंगमध्ये तोंडी सांगितलंस तर ते उडालं म्हणून समज. वही, कळव्याच्या फेऱ्या, आईचं "मग द्या" असं सगळं कागदावर आणून नोंदवलंस तर ते तुझं.

करार हातात आला की तीन गोष्टी वाच. नाव कुठे आणि कसं येणार. तुझे जुने बिट, जे तू कराराआधीपासून करतेस, ते कराराबाहेर आहेत असं लिहिलंय का. नसेल तर लिहून घे, नाहीतर उद्या कॅफेत स्वतःचाच बिट करायला परवानगी मागावी लागेल. आणि हक्क किती वर्षांसाठी देते आहेस. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायदा ती 5 वर्षं धरतो, म्हणून बहुतेक करारांत "कायमस्वरूपी" छापलेलं असतं. ते बदलून मिळेलच असं नाही, पण विचारायचं. तुझ्या पहिल्याच करारात फार काही बदलणार नाही. तरी विचारणाऱ्या माणसाशी पुढच्या वेळी जरा जपून वागतात.

मानधन. कबूल झालेले पैसे कामाच्या महिन्यात येत नाहीत. तीन महिन्यांनी येणं हे या धंद्यात इतकं सवयीचं आहे की त्याबद्दल कोणी बोलतही नाही. वर 10 टक्के टीडीएस कापलेला असतो, तो विवरणपत्र भरताना तुझ्या करात धरला जातो, जास्तीचा कापला गेला असेल तर परत मिळतो.

म्हणून नोकरी. बाबांच्या म्हणण्याला मी खूप मान देते. ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा घरात दुपारी बसलेले वडील ज्यांनी पाहिले, त्या मुलांना पगार म्हणजे काय हे कोणी शिकवावं लागत नाही. आज त्याच पट्ट्यात तुझं ऑफिस आहे. बाबा तुला स्टेजवरून खाली ओढत नाहीयेत. त्यांना पुन्हा तो दिवस घरात नकोय. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना आकडे दाखव. घरात तुझा वाटा किती, हप्ता आहे का, सहा महिने एक पैसा आला नाही तर काय होईल. तेवढी रक्कम बाजूला असेल आणि करार सही होऊन हातात असेल, तर नोकरी सोड. दोन्हीपैकी एक जरी नसेल तर थांब, आणि टीमला विचार की पहिलं शेड्यूल घरून लिहून, रीडिंगला सुट्टी टाकून करता येईल का. अशा कार्यक्रमांचं शूटिंग सहसा सलग काही दिवसांच्या शेड्यूलमध्ये होतं, मध्ये लिहिण्याचे दिवस असतात, त्यामुळे नव्या लेखकाच्या बाबतीत ही सोय निघू शकते. कंपनीत बिनपगारी रजेचाही प्रश्न टाकून बघ.

आणि टोलनाक्याचं स्किट टीव्हीवर येण्याआधी बाबांना वाचून दाखव. कॅफेतल्या चाळीस माणसांनी हसणं वेगळं, आणि मुलुंडच्या मावशीने, सोसायटीतल्या सगळ्यांनी ते बघणं वेगळं. ते नको म्हणाले तर ते बाबा बदल, काका कर, शेजारचे कर. स्किटचं काही बिघडत नाही.

माइक सोडू नकोस. आठवड्यातून एक रात्र तरी. टीममध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडची भाषा लिहिलीस की स्वतःची भाषा कुठे आहे ते तिथेच कळतं.

मालिकेच्या कोऑर्डिनेटरला आजच फोन कर, ताटकळत ठेवू नकोस. "आत्ता तारखा जुळत नाहीत, पण कमी दिवसांचं काम असेल तर जरूर कळवा" इतकंच सांग, कारणं देत बसू नकोस. ही माणसं नावं लक्षात ठेवतात आणि नीट नाही म्हणणाऱ्याला परत फोन करतात. कोऑर्डिनेटरने कलाकाराचं कार्ड काढायला, पोर्टफोलिओला किंवा काम पक्कं करायला म्हणून पैसे मागितले, तर मात्र नंबर ब्लॉक कर आणि ओळखीतल्या बाकीच्या मुलींनाही सांग.